बोट, रेल्वे, एसटी : कोकणच्या वाटेवरचे सांधे

चिपळूण, राजापूर, खारेपाटण, महाड. यातलं एकही गाव समुद्रकाठी नाही, तरी ही चारही गावं शतकानुशतकं बंदरं म्हणून नांदली. दाभोळच्या खाडीत भरतीचं पाणी चढू लागलं की मचवे आणि गलबतं त्या पाण्याबरोबर आत शिरायची आणि चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. त्यापुढे पाणी साथ देत नसे. मग माल बैलांच्या पाठीवर, पुढच्या काळात बैलगाड्यांत चढायचा आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडच्या पेठेत जायचा. वरून धान्य, गूळ, मिरची उतरायची. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी चढायची. राजापूरच्या खाडीला अणुस्कुरा घाट होता, विजयदुर्गच्या खाडीतून आत आलं की खारेपाटण लागायचं, बाणकोटच्या खाडीच्या वरच्या टोकाला महाड होतं.

या जुन्या व्यवस्थेकडे मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. होडी सोडून बैल जोडायचा ती जागा कुणी नकाशावर रेघ मारून ठरवली नव्हती. पण तिथे थांबावंच लागे, म्हणून वखारी झाल्या, अडते आले, हमालांची वस्ती झाली, धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि बाजार भरू लागला. वाहन बदलण्याचा खोळंबा त्या गावांना पोसत होता आणि ती गावंही प्रवाशाची आणि मालाची काळजी घेत होती. आज कोकणात रेल्वे आहे, महामार्ग आहे, एसटी आहे, खाड्यांवर फेरीबोटी आहेत, खोल पाण्याचं बंदरही आहे. साधनं वाढली, पण एका साधनावरून दुसऱ्यावर जायची जागा मात्र कुणाचीच राहिली नाही. कोकणचा प्रवास अडतो तो तिथे, असं माझं मत आहे.

मधला काळ आगबोटींचा. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच बंदरांत बोट लागेल असा धक्काच नव्हता. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. वरखाली होणाऱ्या बोटीच्या शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं, कडेवरचं मूल खलाशाच्या हाती द्यायचं, ट्रंक मागून यायची. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या अशा ये-जा करत राहिल्या. या वाटेवर दुखऱ्या आठवणीही आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत अजून त्या दिवसाचं बोलणं निघतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद पडायची आणि कोकण चार महिने मुंबईपासून तुटायचं. एसटी गावोगाव पोहोचली, रस्ते सुधारले आणि बोटी मागे पडत गेल्या.

मग रेल्वे आली. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा आग्रह, ई. श्रीधरन यांची बांधणी. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ साली रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. हे काम किती अवघड होतं याची कल्पना आजही पनवळचा पूल किंवा करबुड्याचा बोगदा पाहिला की येते. पण वेगवान गाडीसाठी मार्ग सरळ हवा आणि चढ कमी हवा. त्यामुळे रूळ गावांच्या दारावरून न जाता डोंगर फोडत गेले. कणकवलीला स्टेशन गावाला लागून मिळालं, खेडला जवळ मिळालं. रत्नागिरीचं शहराबाहेर कुवारबावला गेलं. राजापूर रोड, सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड या पाट्यांवरच्या ‘रोड’मध्ये पुढे किती जायचं उरलंय ते कळतं. दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्याच्या गावांना रेल्वे नाहीच.

रात्रीच्या गाडीने आलेला माणूस पहाटे अशा स्टेशनावर उतरतो तेव्हा काय होतं ते कोकणात घर असलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. फलाटावर बोचकी, पिशव्या, झोपाळू मुलं, एखादी म्हातारी. बाहेर रिक्षांची रांग, आणि एसटी आली तर आली. रेल्वेचं वेळापत्रक बेलापूरला ठरतं, एसटीचं आगारात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, कारण कटिंगमध्ये दरडीची भीती असते आणि वेग उतरवावा लागतो. तो उतरवलाच पाहिजे. पण गाडीची वेळ सरकली की तिला धरून आखलेली एसटीही सरकली पाहिजे, ही जबाबदारी कुणाच्या कागदावर नाही. तिकिटं वेगळी, चौकशीच्या खिडक्या वेगळ्या. गाडी दोन तास उशिरा आली तर तिची वाट पाहणारी एसटी आगाराच्या हिशेबात तोट्याची फेरी ठरते. मुंबई ते रत्नागिरी जेवढा त्रास होत नाही तेवढा शेवटच्या पंधरावीस किलोमीटरला होतो आणि माणशी पाहिलं तर खर्चही त्याच टप्प्यावर झोंबतो.

माणसं याला त्यांच्या परीने उत्तर शोधतात. गणपतीत लालबाग-परळपासून वसई-विरारपर्यंतच्या वाड्या-मंडळांतून एसटीचं ग्रुप बुकिंग होतं. चाळीसपन्नास जण मिळून अख्खी गाडी ठरवतात आणि ती मुंबईतल्या गल्लीच्या तोंडावरून निघून थेट गावच्या वाडीत जाते. २०२५ साली गणेशोत्सवासाठी एसटीने पाच हजार जादा गाड्या जाहीर केल्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून रेंगाळलेलं, वाटेत तासन्‌तास कोंडी, तरी लोक रस्त्यानेच जातात. ते रेल्वेला नाकारत नाहीत. रेल्वेच्या आरक्षणासाठी तर झुंबड असते. ते नाकारतात ते मध्ये उतरणं. मखराचं सामान, नारळांची गोणी आणि आजीला घेऊन दोनदा वाहन बदलायची वेळ येऊ नये, एवढाच त्यांचा विचार असतो.

मालाच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी कडक आहे. देवगडच्या बागेतला हापूस घ्या. संध्याकाळी पेट्या भरून टेम्पो निघाला की तो पहाटे वाशीच्या बाजारात असतो. बागेत चढवला, वाशीला उतरवला, हाताळणी दोनदा. हाच आंबा रेल्वेने न्यायचा तर टेम्पोतून नांदगाव किंवा कणकवलीला न्या, तिथे उतरवा, दोनचार मिनिटांच्या थांब्यात पार्सलच्या डब्यात चढवा, मुंबईत उतरवा, पुन्हा टेम्पोत भरून वाशीला न्या. प्रत्येक उतरवणीत पेटी आपटते, देठाजवळ डाग पडतो आणि भाव उतरतो. रेल्वेचं भाडं किती स्वस्त ठेवलं तरी हा डाग भरून निघत नाही. लॉकडाऊनमध्ये, मे २०२० मध्ये, एसटीने जुन्या बसगाड्यांचे बाक काढून मालवाहतूक सुरू केली, तेव्हा रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या लाल परीतून मुंबईला गेल्या. त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. थोड्या पेट्या असल्या तरी त्या घ्यायच्या हे तिचं वैशिष्ट्य होतं आणि सांगोल्याच्या डाळिंबाला तिचा उपयोगही झाला. पण तिला भाड्यातल्या पन्नास टक्के सवलतीचा आधार होता. हा आधार कायमचा नसतो.

मालाची हाताळणी टाळण्याचा सर्वांत सरळ उपाय कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी अमलात आणला. आंब्याची पेटी किंवा सिमेंटची गोणी हलवायचीच नाही, भरलेला ट्रकच रेल्वेवर चढवायचा. हीच रो-रो सेवा. कोलाडच्या यार्डात हे चढवणं पाहण्यासारखं असतं. ट्रक आधी काट्यावर जातो, मग उंची तपासली जाते, कारण पुढे बोगदे आहेत. गाडीच्या टोकाला उतार बांधलेला. त्यावरून पहिला ट्रक सपाट वाघिणीवर चढतो आणि वाघिणींना जोडणाऱ्या पट्ट्यांवरून सावकाश चालत थेट दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. क्लीनर पुढे उलटा चालत हाताने खुणा करतो. एकामागून एक चाळीसेक ट्रक रांगेत उभे राहिले की चाकं अडकवतात, साखळ्या आवळतात आणि गाडी निघते. चालक आणि क्लीनर आपल्या केबिनमध्येच. कशेडीचा घाट नाही, परशुरामचा नाही, रात्रभर डोळे ताणणं नाही. गोव्यात वेर्ण्याला उतरून ट्रक पुढच्या रस्त्याला लागतो. पुढे ही सेवा कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली. डिझेल वाचतं, टायर वाचतात, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे चालकाला विश्रांती मिळते.

यात उणीव आहे ती अशी की मालाबरोबर ट्रकचं स्वतःचं आठदहा टनांचं वजनही रेल्वेला ओढावं लागतं. कंटेनरने ही उणीव दूर केली. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ट्रकची चाकं मागे ठेवून फक्त पेटी जहाजावर चढवली, तेव्हापासून जगाचा व्यापार बदलला. आपल्याकडे १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर त्याच पेट्यांवर उभं आहे. पण कंटेनरला क्रेन लागते, यार्ड लागतं, एकाच दिशेचा भरपूर माल लागतो. कोकणच्या विखुरलेल्या, हंगामी, थोड्याथोड्या मालाला रो-रोच अधिक सोयीची आहे. तिला एक सायडिंग आणि एक उतार एवढंच पुरतं.

२०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने खासगी मोटारींसाठीही ही सोय केली. कोलाडला गाडी चढवायची, आपण डब्यात बसायचं, बारा तासांनी वेर्ण्याला उतरायचं. मोटारीमागे भाडं ७,८७५ रुपये, प्रवाशांचं तिकीट निराळं. कल्पना उत्तम होती, प्रतिसाद थोडा मिळाला. कारण उघड आहे. गणपतीला जाणारा माणूस चिपळूण, संगमेश्वर, लांज्याचा. तो मोटार घेऊन गोव्यात उतरला तर त्याला गावासाठी उलटं यावं लागणार. नंतर नांदगाव रोडला थांबा वाढवला, ते योग्यच झालं. पण रत्नागिरी जिल्ह्यात एक उतार बांधला असता तर हिशेब पार बदलला असता, असं मला ठामपणे वाटतं.

जोडणी नेमकी साधली की काय होतं ते दाभोळच्या धक्क्यावर दिसतं. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. त्याआधी दापोलीहून गुहागरला मोटारीने जायचं तर चिपळूणचा वळसा होता, आणि पलीकडचं धोपावे इथून डोळ्यांना दिसत असायचं. आता बोट धक्क्याच्या उतरणीला टेकते, पुढची लोखंडी फळी साखळीवर खडखडत खाली येते, आधी दुचाक्या सुटतात, मग मोटारी, टेम्पो, पाट्या घेतलेल्या कोळणी, शाळेची मुलं. भरती-ओहोटीप्रमाणे फळीचा कल बदलतो, खलाशी बरोबर तेवढंच अंतर राखून बोट लावतात. थोड्याच मिनिटांत पलीकडे. पुढे जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या सुरू झाल्या. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोट आली आणि अलिबाग मुंबईपासून सुमारे तासाभरावर आलं. सागरी महामार्गाचे पूल होतील तेव्हा यातल्या काही फेऱ्या बंद पडतील अशी धास्ती आहे. पूल हवेतच. तरी बोटीचा धक्का मोडू नये, कारण मुंबईहून जयगड-विजयदुर्गला जाणाऱ्या बोटीची जी घोषणा २०२५ साली झाली तिला अशाच धक्क्यांचा आधार लागणार आहे.

जोडणी नसली की काय होतं त्याला जयगडचंच उदाहरण पुरेसं आहे. तिथे मोठी जहाजं लागतात एवढं खोल बंदर आहे. तिथून कोकण रेल्वेवरच्या डिंगणीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटरचा लोहमार्ग आखला गेला होता, तो झाला नाही. आणि महाराष्ट्रात कोकण रेल्वे घाटावरच्या रेल्वेला मधे कुठेच मिळत नाही. चिपळूण-कऱ्हाड मार्गाची चर्चा आमच्या आधीच्या पिढीपासून ऐकू येते, वैभववाडी-कोल्हापूर मार्ग अर्थसंकल्पात येऊनही वर्षं लोटली. गोवळकोटला उतरलेला माल कुंभार्लीने कऱ्हाडला जायचा; ती साखळी बैलांनी राखली होती, इंजिनाला ती अजून जोडता आलेली नाही.

हे मार्ग खर्चाचे आहेत, त्यांना वेळ लागेल हे मान्य. पण सगळंच खर्चाचं नसतं. स्वित्झर्लंड कोकणासारखाच डोंगराळ. तिथे १९८२ साली देशभर एकच ताल धरून गाड्या आखल्या गेल्या. ठरलेल्या मिनिटाला गाड्या मोठ्या स्टेशनांत एकत्र येतात, डोंगरातल्या गावांना जाणारी पिवळी पोस्टाची बस त्यांना धरून सुटते आणि एकच तिकीट सगळीकडे चालतं. पुढच्या काळात रूळ कुठे वाढवायचे तेही त्यांनी या वेळापत्रकाकडे पाहून ठरवलं. कोकणचा मार्ग बहुतांश एकेरी आहे, क्रॉसिंगसाठी गाड्या थांबतात, त्यामुळे तेवढी मिनिटा-मिनिटाची शिस्त इथे लगेच येणार नाही. पण दोनतीन गाड्यांपुरती ती आणता येईल. कोकणकन्या रत्नागिरीला, तुतारी कणकवलीला, मांडवी खेडला आली की बाहेर दापोली, मालवण, देवगड, राजापूरच्या पाट्या लावलेली एसटी उभी असावी, गाडीला उशीर झाला तर तिने थांबावं, आणि तो थांबण्याचा खर्च आगाराने एकट्याने न सोसता रेल्वे आणि एसटीने वाटून घ्यावा. दरवर्षी पावसाळी वेळापत्रक ठरवण्याची बैठक होते. त्या बैठकीला खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली आणि कुडाळ या पाच आगारांच्या व्यवस्थापकांना बोलवायला बेलापूरहून पाच फोन पुरतील.