मूळपुरुषाचा वाटा किती?

मराठी घरांत कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी. जाडजूड ग्रंथ, शेवटी घडी उलगडत जाणारी वंशावळ आणि सगळ्यात वर एकच नाव, मूळपुरुषाचे. तो घाट चढून कधी आला, कोणाच्या पदरी राहिला, इनाम कुठे मिळाले, सगळी हकीकत तपशीलवार. मग त्या घराण्यातला एखादा पोरगा गणितात चमकला की कोणीतरी म्हणतेच, ‘रक्तातच आहे!’ रक्तात नेमके किती आहे हे आता आकड्यांत मांडता येते. मांडायला बसले की मूळपुरुषाची पंचाईत होते.

पिढी तीस वर्षांची धरू. दहा पिढ्या मागे गेलो की आपण १७२० च्या आसपास पोचतो, पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली त्या काळात. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ असे दुप्पट करत गेले तर त्या पिढीत तुमचे १,०२४ पूर्वज निघतात. कुलवृत्तांताच्या टोकाला त्यांतला एक. बाकीच्या १,०२३ जणांत निम्म्या बायका, आणि त्यांची माहेरची नावेसुद्धा कोणी टिपून ठेवलेली नाहीत. आणखी दहा पिढ्या मागे गेलात तर आकडा १०,४८,५७६ होतो. तीस पिढ्या मागे, म्हणजे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र व्हायचे होते तेव्हा, तो १,०७,३७,४१,८२४ वर जातो. एकशे सात कोटी पूर्वज, आणि त्या वेळी साऱ्या पृथ्वीवर माणसे ४० कोटींहून कमी!

हिशेब चुकलेला नाही. एकच माणूस वंशावळीत अनेक जागी बसतो, इतकेच. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या माणसाच्या मुलांना पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात, कारण एक जोडी दोन्हीकडून मोजली जाते. पंचक्रोशीतल्या पंचक्रोशीत, जातीतल्या जातीत शेकडो वर्षे सोयरिकी झाल्या की अशा जागा हजारोंनी एकमेकींवर चढतात. ‘आमचे कूळ वेगळे’ म्हणणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या वंशावळी काही शतके मागे नेल्या तर त्यांत तीच ती माणसे सापडू लागतात.

पूर्वज असणे आणि त्याच्याकडून काही मिळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. डीएनए सुट्या अक्षरांनी येत नाही, लांबलचक तुकड्यांनी येतो. वडिलांचे शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्यांत सुमारे २६ ठिकाणी अदलाबदल होते, आईचे बीजांड तयार होताना सुमारे ४० ठिकाणी. म्हणजे एकेक पिढी मागे जावे तशी तुकड्यांची संख्या साठ-सत्तरने वाढते, आणि पूर्वजांची मात्र दुप्पट. आठव्या पिढीपर्यंत तुकडे पुरतात. दहाव्या पिढीत पूर्वज १,०२४ आणि तुकडे साधारण ६४०. वाटपही समान नसते. कोणाच्या नावावर तीन-चार तुकडे पडतात, आणि जवळपास निम्म्यांच्या नावावर भोपळा.

म्हणजे पेशवाईच्या सुरुवातीच्या तुमच्या पूर्वजांपैकी निम्म्यांचे एक अक्षरही तुमच्या शरीरात नाही. तुम्ही त्यांचे वंशज आहात, ते नसते तर तुम्ही नसता, हे खरे. पण तुमच्या नाकाशी, उंचीशी किंवा गणिताशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.

मूळपुरुषाला एक सवलत आहे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र बहुतांशी अदलाबदल न होता उतरते. त्यावर सुमारे सहा कोटी अक्षरे असतात, पण जनुके फार थोडी. त्यामुळे घराण्यातल्या मुलग्याकडे मूळपुरुषाचे तेवढे तरी हमखास असते. त्याच घरातल्या मुलीकडे वाय नसतेच, आणि इतर गुणसूत्रांतून त्याचे काहीही आले नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. उलट आईच्या आईच्या आईकडून आलेली, पेशीतल्या मायटोकॉण्ड्रिया या घटकातली १६,५६९ अक्षरे मुलाला आणि मुलीला सारखीच मिळतात. ही साखळी एकाही पिढीत तुटत नाही. कुलवृत्तांताच्या संपादकांना मात्र ती दिसत नाही. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी गफलत.

आता पूर्वज सोडून एका जोडप्याकडे येऊ. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले कुठले तरी एक मुलाकडे जाते. शक्यता झाल्या दोनाचा तेविसावा घात, म्हणजे ८३,८८,६०८. या बापाच्या बाजूच्या. आईच्याही तेवढ्याच. दोन्हींचा गुणाकार ७,०३,६८,७४,४१,७७,६६४, म्हणजे सत्तर लाख कोटी. आधुनिक माणूस अवतरल्यापासून आजवर जन्मलेल्या सगळ्या माणसांचा अंदाज ११,७०० कोटींच्या आसपास आहे. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका नवरा-बायकोला होऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या मुलांची संख्या त्याच्या सहाशे पट भरते. त्या तुकड्यांच्या अदलाबदली यात धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर आकडा लिहायला कागद पुरणार नाही.

म्हणूनच एकाच घरातली दोन भावंडे कधी जुळ्यासारखी दिसतात, तर कधी एकमेकांची कोणी लागत नाहीत असे वाटते. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए समान असतो, पण तो सरासरीच. प्रत्यक्ष मोजणीत हे प्रमाण ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत आढळले आहे.

या खेळाची वेळही चक्रावणारी. स्त्रीच्या बीजांडांतल्या गुणसूत्रांची अदलाबदल ती स्वतः जन्मण्याआधीच उरकलेली असते. ज्या बीजांडापासून तुम्ही झालात ते आजीच्या पोटात असताना तुमच्या आईच्या इवल्याशा शरीरात तयार झाले होते. पुरुषांचे याच्या नेमके उलट. तारुण्यात सुरू झालेला कारखाना बंदच होत नाही. शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात आणि दर वेळी डीएनएची सगळी संहिता नव्याने उतरवून काढतात. उतरवताना चुका होणारच. प्रत्येक बाळाच्या डीएनएत आईबाप दोघांकडेही नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश बापाकडून येतात. बापाचे वय एका वर्षाने वाढले की दीड-दोन बदलांची भर पडते, आईच्या बाबतीत तीनेक वर्षांनी एकाची. आइसलंडमधल्या शेकडो कुटुंबांची संहिता वाचून हे आकडे काढले गेले. मुलाला काही जन्मजात दोष निघाला की पहिले बोट सुनेकडे दाखवणाऱ्या घरांनी ते जरूर वाचावेत.

साठ-सत्तर हा आकडा किरकोळ वाटतो, कारण एकूण संहिता ३१० कोटी अक्षरांची आहे. सेकंदाला एक या वेगाने, खाणेपिणे आणि झोप सोडून ती वाचली तर ९८ वर्षे लागतील. पण आज पृथ्वीवर ८०० कोटी माणसे आहेत. प्रत्येकाचे साठ नवे बदल धरले तरी ४८,००० कोटी होतात. म्हणजे संहितेतले प्रत्येक अक्षर हयात माणसांमध्ये सरासरी दीडशे वेळा नव्याने बदललेले आहे. ज्या बदलासह माणूस जगू शकतो असा जवळजवळ प्रत्येक एकअक्षरी बदल या क्षणी कोणाच्या ना कोणाच्या शरीरात आहे.

लांबीचा आकडा तुम्ही ऐकला असेल. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो, आणि शरीरात ३० लाख कोटी पेशी, म्हणून एकूण ६,००० कोटी किलोमीटर असे ठोकून दिले जाते. यात एक लबाडी आहे. त्या पेशींपैकी पंचवीसेक लाख कोटी तांबड्या रक्तपेशी असतात आणि पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणजे डीएनएही नसतो. केंद्रक असलेल्या फार तर तीन लाख कोटी. लांबी आली ६०० कोटी किलोमीटर. दहावा हिस्साच उरला, तरी सूर्यापासून प्लूटोपर्यंत पोचण्याइतका.

एवढी मोठी संहिता म्हणून माणसाने मिशीवर ताव देऊ नये. स्वयंपाकघरातल्या कांद्याची संहिता १,६०० कोटी अक्षरांची आहे, आपल्या पाचपट. न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या, वीतभर उंचीसुद्धा धड न गाठणाऱ्या एका नेचासारख्या वनस्पतीची तब्बल १६,००० कोटी, आपल्या पन्नासपट. ती मोजली गेली २०२४ साली. गुणसूत्रांच्या संख्येतही तोच गोंधळ. सह्याद्रीच्या जंगलात भुंकल्यासारखा आवाज काढणाऱ्या भेकराच्या मादीला गुणसूत्रे अवघी ६, नराला ७. त्याच्याच चिनी भाऊबंदाला आपल्याइतकीच, ४६. आणि ओफिओग्लॉसम या नेचेवर्गीय वनस्पतीला १,२६०, हा शोध १९५४ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी जाहीर केला. आकार आणि करामत यांचे काही नाते नाही. माणसाच्या ३१० कोटी अक्षरांपैकी प्रथिने बनवण्याच्या कामी येणारी जेमतेम दीड टक्का, आणि अशी जनुके वीस हजारांच्या घरात.

मग गुण ठरतो कसा? याचे सगळ्यात जुने उत्तर ब्रनो गावातल्या मठात वाटाणे पेरणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने दिले. १८५६ पासून सात-आठ वर्षांत त्याने सुमारे २८,००० रोपे हाताळली. एका प्रयोगात त्याने दुसऱ्या पिढीतले ७,३२४ दाणे एकेक करून मोजले, तेव्हा ५,४७४ गोल निघाले, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. सुरकुती कशाने येते ते कळायला १९९० साल उजाडावे लागले. साखरेचे स्टार्चमध्ये नीट रूपांतर करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलेला सापडला. त्यामुळे प्रथिन निकामी होते, दाण्यात साखर जास्त राहते, साखरेपाठोपाठ पाणी शिरते, दाणा टम्म फुगतो. वाळताना पाणी गेले की साल सैल पडते आणि आक्रसते. चवीला मात्र हा सुरकुतणारा वाटाणा अधिक गोड.

एक जनुक, एक गुण, तिनास एक. शाळेत आपण एवढेच शिकतो, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण बहुतेक गुण असे वागत नाहीत. उंचीचेच बघा. २०२२ साली ५४ लाख माणसांची माहिती एकत्र करून उंचीशी निगडित १२,१११ जागा संहितेत शोधल्या गेल्या. एकेकीचा परिणाम मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एवढे करूनही युरोपीय वंशाच्या लोकांतला उंचीचा ४० टक्केच फरक त्यातून उलगडला, इतरांत १० ते २० टक्के, कारण तपासलेली बहुतेक माणसे युरोपीय होती. फूटपट्टीने मोजता येणाऱ्या गुणाची ही कथा. गणितातली हुशारी कोणत्या आजोबांकडून आली ते छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी तरी हात जोडतो.

काही बाबतींत मात्र एका अक्षरावर सगळे अडते. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीचे जनुक आहे. तिथे ‘जीएजी’ या तीन अक्षरांतले मधले बदलून ‘जीटीजी’ झाले की १४६ कड्यांच्या साखळीतली सहावी कडी बदलते. आईबाप दोघांकडून हेच आले तर सिकलसेलचा आजार होतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू, प्रत्येकात अशा दोन साखळ्या. एका अक्षराची चूक पेशीमागे ५४ कोटी वेळा गिरवली जाते. ऑक्सिजन कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटून काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते.

हे अक्षर एकाच बाजूने आले तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत ते टिकून राहिले. नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत ते आहे, विदर्भातल्या आदिवासी नसलेल्या काही समाजांतही आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिल्या मुलाला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. प्रत्येक खेपेला डाव नव्याने पडतो. अशा जोडप्याची दोन्ही मुले आजारातून सुटण्याची शक्यता ५६ टक्केच. गोत्र वेगळे असण्याने यात काहीही फरक पडत नाही, कारण गोत्र फक्त बापाच्या बाजूने मोजले जाते.

देशातल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. पहिली चाचणी अगदी साधी. बोटातले थेंबभर रक्त द्रावणात टाकायचे आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात का बघायचे. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. तो ‘एएस’ की ‘एसएस’, म्हणजे दोन्ही बाजूंनी आलेला, हे दुसऱ्या तपासणीत कळते. तुमचे घर सिकलसेलच्या पट्ट्यातले असेल आणि लग्नाची बोलणी चालू असतील, तर पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांची ही चाचणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.