जखम उजव्या पायाला, गुठळी डाव्या पायात



गेल्या हंगामातली गोष्ट. आपले एक सभासद तोड झालेल्या फडात पाचट आवरीत असताना उसाच्या बुडख्याचे टोक त्यांच्या उजव्या तळपायात घुसले. दोन दिवस हळद भरून काम चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी पाऊल भोपळ्यागत सुजले, थंडी वाजून ताप भरला. औषधोपचार झाले, ताप उतरला, दहा-बारा दिवस खाटेवर पडून काढल्यावर जखमही सुकत आली. आणि मग डावी पोटरी दुखू लागली. चार दिवसांत ती ताठ झाली, हाताला गरम लागू लागली.

"उजव्या पायाचं दुखणं डाव्यात उतरलं बघा, डॉक्टर," त्यांच्या मालकीणबाई म्हणाल्या. रोज सांजसकाळ तेल लावून पोटरी चोळणे चालूच होते. बरोबरचा मुलगा आईच्या बोलण्याला हसला. मला हसू आले नाही, कारण बाईंचे म्हणणे निम्मे खरे होते. चोळणे तेवढे आधी थांबवले आणि तालुक्याला पाठवून डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली. गुडघ्यामागच्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

पायातले रक्त शिरांतून वर चढवावयाचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालला की ते आवळतात, रक्त वर ढकलले जाते आणि शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. माणूस पडून राहिला की हा पंप थंडावतो, झडपांच्या खोबणीत रक्त रेंगाळते आणि तिथेच गुठळी धरू लागते. फुफ्फुसात सापडणारी गुठळी पुष्कळदा पायाच्या शिरेतून सुटून आलेली असते, हे जर्मनीतल्या रुडॉल्फ फिरखो ह्यांनी १८५६ च्या सुमारास दाखवून दिले. संथ रक्त, शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल, ही तीन कारणे त्यांच्या नावाने आजही शिकवतात.

पण नुसते पडून राहण्याने गुठळी होत असती, तर रोज रात्री झोपणाऱ्या प्रत्येकाला ती व्हावयास हवी होती. पाटाचे पाणी संथ झाले म्हणून काही पाट तुंबत नाही. कुठे तरी बाभळीची फांदी आडवी पडावी लागते. मग तिला पाचट अडकते, पाचटाला गाळ धरतो आणि बघता बघता बांध तयार. शिरेतली अशी एक फांदी म्हणजे दाह, हे अलीकडे चांगले उमजू लागले आहे.

अंगात जंतू शिरले की शरीर जी लढाई पुकारते तो दाह. लाली, सूज, ठणका ह्या तिच्या बाहेरच्या खुणा. पण ही लढाई जखमेपुरती राहत नाही, तिची दवंडी रक्तातून अंगभर पिटली जाते. यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये जादा तयार करू लागते. शिरांचे एरवी गुळगुळीत असलेले अस्तर चिकट होते आणि लढाईला निघालेल्या पांढऱ्या पेशी त्याला धरून बसतात. बर्लिनमधील शास्त्रज्ञांनी २००४ साली एक नवलाची गोष्ट दाखवली. ह्यांपैकी काही पेशी मरता मरता आपल्या पोटातले डीएनएचे धागे बाहेर टाकतात व त्या जाळ्यात जंतू पकडतात. जाळे लावले जंतूंसाठी, पण त्यात रक्तकणही अडकतात! २०१२ साली म्युनिकच्या संशोधकांनी उंदरांच्या मोठ्या शिरेतला प्रवाह नुसता मंद केला, भिंतीला ओरखडाही काढला नाही. काही तासांतच पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटल्या आणि पुढे गुठळी झाली. तीच जाळी विरघळवून टाकली, तेव्हा गुठळ्या पुष्कळ कमी झाल्या.

२०२० नंतरच्या करोनाच्या साथीत हे आपण जवळून पाहिले आहे. दाखल केलेल्या माणसाला पोटावर इंजेक्शन कशाला देतात, असे नातेवाईक विचारीत. ते बहुधा गुठळी होऊ नये म्हणून दिलेले हेपॅरिन असे. 'डी-डायमर' हा शब्दही तेव्हाच पारापर्यंत पोचला. गुठळी मोडताना जे तुकडे निघतात त्यांची ही मोजदाद. पण नुसत्या दाहानेही आकडा चढतो, म्हणून तो वाढला की गुठळी झालीच असे नव्हे.

मग डावाच पाय का? दाह अंगभर होता आणि पडून दोन्ही पाय होते. कमरेच्या आत डाव्या पायाची शीर उजव्या पायाकडे जाणाऱ्या रोहिणीखालून जाते व थोडी दबते, म्हणून डाव्या बाजूला गुठळी होण्याचे प्रमाण जरा अधिक. जखमेच्या पायातही ती होऊ शकते, आणि तेव्हा घोटाळा जास्त होतो, कारण घरचे सगळे ती जखमेचीच सूज समजतात.

चोळण्याचे भय मला का वाटले, तेही सांगतो. ताजी गुठळी सैल असते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर एकाएकी दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडते, कधी माणूस चक्कर येऊन पडतो. अशा वेळी उजाडण्याची वाट बघावयाची नाही. रात्रीच १०८ ला फोन करावा.

आपल्या सभासदांना तीन महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालल्या. ह्या गोळ्या गुठळी विरघळवीत नाहीत, वाढू देत नाहीत. ती हटवण्याचे काम शरीर स्वतःच करते, आणि गंमत अशी की त्यातही पुन्हा पांढऱ्या पेशीच राबतात. सुजेवर म्हणून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मी बंद करावयास लावल्या. त्यांनी गुठळी जात नाही, उलट दोन्ही औषधे बरोबर घेतली तर रक्तस्रावाची भीती वाढते.

त्यांचा डावा पाय अजून संध्याकाळी जड होतो. झडपा काही पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. यंदा फडात जाताना ते गमबूट घालतात. तेलाची बाटली मात्र आईने फडताळात जपून ठेवली आहे, असे परवा मुलगा सांगत होता.