वर्गाचे हस्तलिखित आता पडद्यावर

प्राथमिक शाळेतील मुले वर्षभर लिहीत असतात. पण त्यांच्या लेखनाला वाचक मात्र एकच असतो. शिक्षक वही तपासतात, लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, खाली सही करतात आणि वही दप्तरात परत जाते. आपण लिहिलेले कोणीतरी आवडीने वाचणार आहे, ही जाणीव मुलाला होत नाही. मग निबंध म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायचा मजकूर, एवढाच अर्थ उरतो. वर्गाचा ब्लॉग आणि त्याच्या जोडीची काही साधी साधने यांचा खरा उपयोग ही उणीव भरून काढण्यात आहे.

कल्पना जुनीच

मुलांच्या लेखनाला वाचक मिळवून देण्याचा विचार संगणकापूर्वीचा आहे. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1924 मध्ये आपल्या खेड्यातील शाळेत एक लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वतःचे अनुभव लिहायचे, खिळे स्वतः जुळवायचे आणि छापलेली पाने दूरच्या शाळेतील मुलांना पाठवायची, अशी त्यांची रीत होती. मराठीत अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. शाळाशाळांतील भित्तिपत्रके आणि वार्षिक हस्तलिखिते ही याच परंपरेतली. ब्लॉग हा त्या हस्तलिखिताचाच पुढचा अवतार आहे. फरक इतकाच की, त्याची प्रत एक असूनही ती अनेकांच्या घरी एकाच वेळी उघडते.

व्हॉट्सअ‍ॅप गट पुरेसा का नाही?

बहुतेक वर्गांचे पालकगट आज व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. सूचना देण्यासाठी ते सोयीचे असले, तरी तेथे टाकलेले मुलाचे लेखन दोन दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. ब्लॉगवर प्रत्येक नोंदीला तारीख, शीर्षक आणि स्वतःचा कायम पत्ता असतो. ‘पाऊस’, ‘सण’, ‘गणित’ अशी लेबले लावली की, जूनमधली नोंद मार्चमध्येही सहज सापडते. मुलाला आपले वर्षाच्या प्रारंभीचे लेखन आणि अखेरचे लेखन शेजारी ठेवून पाहता येते. प्रगतिपुस्तकातील श्रेणीपेक्षा ही तुलना त्याला अधिक कळते.

प्रारंभ कसा करावा?

यासाठी संगणककक्षाची आवश्यकता नाही. शिक्षकाचा एक स्मार्टफोन, आठवड्यातून एक तासिका आणि ब्लॉगरसारखी विनामूल्य सेवा एवढ्यावर काम भागते. पहिली-दुसरीच्या मुलांनी कागदावर लिहावे, चित्र काढावे आणि शिक्षकांनी त्याचे छायाचित्र चढवावे. अक्षर वळणदार होण्याच्या वयात वही-पेन्सिलीला पर्याय शोधू नये. तिसरी-चौथीची मुले आळीपाळीने दोन-चार ओळी टंकलिखित करू शकतात. त्यासाठी युनिकोड मराठीचाच वापर करावा. मुद्रणालयातील जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की, अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात आणि तो शोधताही येत नाही.

विषय मात्र मुलाच्या अनुभवातला हवा. चतुर्थीच्या माटोळीचेच उदाहरण घ्यावे. आंबाडे, तोरिंजन, कांगले, सुपारीचे शिपटे यांची नावे आजीला तोंडपाठ असतात. नातवाला त्यांतील निम्मीही येत नाहीत. मुलांनी घरी विचारून यादी करावी, एकेका फळाचे चित्र काढावे, ते कोठे मिळते ते लिहावे. एका लेखनात भाषा, परिसर अभ्यास आणि चित्रकला येतात. मोजणी करून साधा आलेख काढला, तर गणितही येते. घरी कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वावरणाऱ्या गोमंतकीय मुलाच्या लेखनात घरचा शब्द आला, तर तो खोडण्याची घाई करू नये. त्याच्या शेजारी मराठी प्रतिशब्द लिहिला की, दोन्ही शब्द मुलाचे होतात.

क्यूआर कोडची जोड

क्यूआर कोड 1994 मध्ये जपानमध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकाशी जोडला. कवितेचे ध्वनिमुद्रण, चित्रफीत, स्वाध्याय असे साहित्य त्यांनी त्यामागे ठेवले. 2020 मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून दिली.

अशा कोडमध्ये बहुधा केवळ पत्ता साठवलेला असतो. पाठ किंवा चित्रफीत नव्हे. म्हणून मूळ पान हलवले, तर छापलेला कोड निरुपयोगी ठरतो. वर्गाच्या दारावर ब्लॉगचा कोड लावला, तर पालकसभेला आलेल्या आई-वडिलांना लांबलचक पत्ता टंकावा लागत नाही.

काळजी कशाची घ्यावी?

पहिली काळजी मुलांच्या ओळखीची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. शाळेने वर्षारंभी पालकांची लेखी संमती घ्यावी. पूर्ण नाव, घरचा पत्ता, चेहऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र यांपैकी काहीही प्रसिद्ध करू नये. लेखनाखाली आद्याक्षर पुरते. अभिप्राय शिक्षकांनी पाहिल्यावरच दिसतील अशी व्यवस्था ठेवावी किंवा ब्लॉग निमंत्रित वाचकांपुरताच खुला करावा. ज्या घरी इंटरनेट नाही, त्या मुलासाठी महिन्यातून एकदा निवडक नोंदींची छापील प्रत वर्गात लावावी.

दुसरी काळजी टिकाऊपणाची. विनामूल्य सेवा कायमच्या नसतात. जिओसिटीज 2009 मध्ये, तर गुगल प्लस 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाले. शिक्षकाची बदली झाली आणि संकेतशब्दही त्यांच्याबरोबर गेला, तर वर्गाचे सारे लेखन अडकून पडते. त्यामुळे खाते शाळेच्या नावे असावे, संकेतशब्द मुख्याध्यापकांकडे नोंदवलेला असावा आणि प्रत्येक सत्राअखेर संपूर्ण मजकुराची प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून घ्यावी.

तिसरी बाब सर्वांत नाजूक आहे. ब्लॉग शाळेच्या कार्यक्रमांची जाहिरात बनला किंवा पालकच मुलांच्या नावे सुबक निबंध लिहू लागले, तर मूळ हेतू हरवतो. दोन चुका असलेली, पण मुलाने स्वतः लिहिलेली चार वाक्ये तेथे अधिक मोलाची. पटसंख्या घटलेल्या मराठी प्राथमिक शाळेत एका वर्गात कधी पाच-सहाच मुले असतात. त्यांना समवयस्क वाचक वर्गात पुरेसे मिळत नाहीत. डिचोलीतील अशा वर्गाने पेडण्यातील किंवा खानापुरातील वर्गाशी पंधरवड्यातून एकदा लेखनाची देवाणघेवाण केली, तर या मुलांना आपल्याच वयाचे, आपलीच भाषा वाचणारे सोबती मिळतील. त्यासाठी दोन शिक्षकांनी आपसांत एक दिवस ठरवून घेतला, तरी काम सुरू होते.