काउंटरवरचा ताण कसा चढतो, कसा उतरतो

महिन्याचा पहिला आठवडा, सकाळचे साडेअकरा. तालुक्याच्या गावातली बँकेची शाखा. पेन्शन काढायला आलेल्यांची रांग दाराबाहेर गेलेली, आणि कॅशियरच्या स्क्रीनवरचं गोल चक्र काही थांबत नाही. लिंक गेली. "लिंक नाही, थोडं थांबा," असं ती चौथ्यांदा म्हणते आणि रांगेतून आवाज चढतात. चूक तिची नाही, दुरुस्ती तिच्या हातात नाही, बोलणी मात्र तिलाच खावी लागतात.

कामाचा ताण म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला एवढा प्रसंग पुरे. त्या वेळी तिच्या शरीरात काय चाललेलं असतं ते आधी पाहू.

पहिला आवाज चढताच मेंदूचा निरोप मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे जातो आणि काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, मान आणि खांदे ताठ होतात. ही पहिली लाट. दुसरी सावकाश येते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना कळवते आणि कॉर्टिसोल वाढू लागतं. ते शिखराला पोहोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, उतरायला त्याहून जास्त. म्हणजे लिंक पावणेबाराला परत आली तरी कॅशियरचं शरीर बारानंतरही भांडणातच असतं. तेवढ्यात खाते क्रमांकातला एक आकडा चुकलेली स्लिप पुढे आली की तिचा आवाज चढतो, आणि समोरच्याला वाटतं की बाई तिरसट आहे.

ही यंत्रणा मुळात आपल्या भल्याची आहे. ती नसती तर मार्चअखेरीचं काम कोणाच्यानेच उरकलं नसतं. पण तिला मर्यादा आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा किंवा औषधांचा मारा करा, शरीरात होणारे बदल तेच: अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, थायमस आकसलेली, पोटात व्रण. आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, आणि मारा चालूच राहिला तर शरीर हात टेकतं. एक लाट आली म्हणून कोणी आजारी पडत नाही. ती ओसरायच्या आत दुसरी, तिच्यावर तिसरी, असं महिनोन्महिने चाललं की माणूस खचतो.

कोणत्या कामात लाटा ओसरत नाहीत? आपल्याकडे सर्रास म्हणतात की जेवढी खुर्ची मोठी, तेवढा ताण मोठा. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पाहणीत याच्या उलट निघालं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या 'व्हाइटहॉल' अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त आढळलं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या गटाने १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांवर दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात दिसलं की आपल्या कामावर ज्यांचं काही चालत नाही, त्यांच्यात हृदयविकार जास्त. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं: मागणी भरपूर आणि अधिकार शून्य, हे मिश्रण सर्वांत घातक. मागणी भरपूर असली तरी काम कसं करायचं हे ठरवता येत असेल, तर माणूस त्यातून शिकतो.

माझ्या मते ताणाबद्दल लक्षात ठेवायची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'सकारात्मक विचार करा' असं सांगणाऱ्या शिबिरांमधून ती सहसा वगळली जाते, कारण ती कर्मचाऱ्याकडे नाही, कामाच्या मांडणीकडे बोट दाखवते.

म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: यातलं माझ्या हातात काय आहे? लिंक नाही. पण "थोडं थांबा"ऐवजी "बारा वाजता मी पुन्हा बघते, तोवर बसा" असं सांगणं हातात आहे. तेवढ्या वेळात लोकांच्या स्लिपा तपासून ठेवणं, सही राहिली असेल तर करून घेणं हातात आहे. ठरलेली वेळ कळली की रांगेचा आवाज खाली येतो. आणि व्यवस्थापक स्वतः केबिनमधून उठून रांगेपाशी येऊन उभे राहिले तर कॅशियरच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं.

शरीरापुरतं सांगायचं तर श्वास हाताशी असतो. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते, त्यामुळे उच्छ्वास लांबवला की धडधड निवते. यासाठी डोळे मिटून बसायला नको. शंभर नोटांची गड्डी मोजायच्या मशीनमधून फिरायला सहा-सात सेकंद लागतात. गड्डी फिरते आहे तोवर एक लांब उच्छ्वास. गड्डीमागे एक, असं चार-पाचदा केलं तरी खांदे खाली येतात.

ताण वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मधेच येणारा व्यत्यय. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला, तर लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. काउंटरवर हे रोज घडतं. सुट्या नोटा हाताने मोजत असताना कोणीतरी काचेतून विचारतं, "पासबुक भरून मिळेल का?" मान वर केली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जुने कॅशियर मान वर करत नाहीत. मोजणी संपते, पट्टीवर आकडा पडतो, मग ते "बोला" म्हणतात. हा उद्धटपणा नाही, शिस्त आहे. काम खरोखरच मधे सोडावं लागलं, तर कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढं कागदावर लिहावं. लेरॉय यांच्याच पुढच्या संशोधनात या एका मिनिटाच्या नोंदीने अडकलेलं लक्ष सुटतं असं दिसलं.

मग संध्याकाळ. कॅश टॅली होत नाही. नऊशे रुपये शॉर्ट, आणि सापडले नाहीत तर स्वतःच्या खिशातून भरायचे. घाबरून पुन्हा पुन्हा एकटीनेच मोजलं तर तीच चूक पुन्हा सुटते. इथे धीर देणारी गोष्ट म्हणजे ठरलेला क्रम. फरकाला नऊने भाग जातो का ते आधी बघायचं. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, ४,५०० च्या जागी ५,४०० पडले की फरक बरोबर नऊशे येतो. मग त्या दिवसाच्या स्लिपा आणि नोंदी जुळवायच्या. मग सहकाऱ्याकडून मोजून घ्यायचं. पुढची पायरी माहीत असलेला माणूस गोंधळत नाही. कोणत्याही कचेरीत वारंवार येणाऱ्या संकटासाठी असा क्रम शांत दिवशी लिहून भिंतीवर लावावा.

घरी गेल्यावरही काम डोक्यात फिरतंच. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्या-परवाच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. ही यादी मी तर म्हणेन ड्रॉवरला कुलूप लावण्यापूर्वी टेबलावरच करावी. पण रात्री नऊला शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्याच्या टार्गेटचा मेसेज आला की यादीचा उपयोग संपतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर ही सभ्यता वरिष्ठांनीच पाळायची आहे.

कामात जीव कसा राहतो, यावर ॲडम ग्रँट यांचा २००७ मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला. पगार तोच, काम तेच, फक्त कोणासाठी करतो ते दिसलं. काउंटरवर तो माणूस रोज समोर असतो, पेन्शनचे पैसे पदराच्या गाठीत बांधणारी आजी. तिचं काम करून कोणी विझत नाही. तिला नको असलेली विमा पॉलिसी तिच्या गळ्यात मारायचं टार्गेट मात्र माणसाला आतून पोखरतं.

हे फार काळ चाललं तर येतो तो बर्नआउट. क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे तीन पदर सांगितले: सततची गळून गेल्याची भावना, कामाबद्दल आणि माणसांबद्दल तुटकपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाशी जोडलेली अवस्था म्हटलं. म्हणून नुसत्या रजेने तो जात नाही. परतल्यावर तेच टेबल, तेच टार्गेट असेल तर पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. रजेच्या अर्जासोबत टेबल बदलून मागा, कोणतं काम कमी व्हायला हवं ते लेखी द्या, युनियन असेल तर तिला सोबत घ्या.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.