पात्याला धार हवी, तसा तोलही हवा!

प्रतिनिधी

पावसाळ्यात हिरवळ झपाट्याने वाढते आणि बंगल्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या बागांत गवत कापण्याची यंत्रे घरघरू लागतात. कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच गवताची टोके पांढुरकी किंवा तपकिरी दिसू लागली, की दोष पाण्याला वा खताला दिला जातो. मात्र, अनेकदा खरा दोषी असतो यंत्राचे बोथट पाते. असे पाते गवत कापण्याऐवजी फाडते. फाटलेले टोक वाळते आणि रोगालाही वाट मिळते.

साधारणतः २० ते २५ तास वापरानंतर पात्याला धार लावावी. हे काम घरी करता येते. पण धारेइतकेच महत्त्व तोलाला आहे, याचा विसर पडतो. ५० सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर असतो. एका टोकाला अवघे १० ग्रॅम वजन जास्त झाले, तरी आसावर सुमारे २५ किलो वजनाइतकी ओढ पडते आणि तिची दिशा क्षणोक्षणी बदलत राहते. परिणामी यंत्र थरथरते, बेअरिंग झिजते आणि बोल्ट सैल होण्याचा धोका संभवतो.

आधी सुरक्षितता

पेट्रोलच्या यंत्राच्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करावी. विजेच्या यंत्राचा प्लग, तर बॅटरीवरील यंत्राची बॅटरी काढावी. पेट्रोलचे यंत्र कलते करताना एअर फिल्टर वरच्या बाजूस राहील, असे पाहावे. जाड हातमोजे घालून, पाते लाकडी ठोकळ्याने अडवून मगच बोल्ट सोडवावा. पात्याची जमिनीकडील बाजू खडूने खूण करून ठेवावी. उलटे बसवलेले पाते गवत नीट कापत नाही.

धार कशी लावावी?

पाते स्वच्छ करून शिकंज्यात घट्ट पकडावे. मूळ उतार, जो बहुधा ३० अंशांच्या आसपास असतो, तसाच राखून कानस एकाच दिशेने चालवावी. दोन्ही टोकांना सारखेच हात द्यावेत. वस्तऱ्यासारखी धार नको. ती लवकर मोडते. लोणी कापण्याच्या सुरीइतकी धार पुरेशी ठरते. ग्राइंडर वापरल्यास संरक्षक चष्मा लावावा आणि पाते तापू देऊ नये. ते निळसर पडले, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे.

तोल कसा पाहावा?

भिंतीतील आडव्या खिळ्यावर पाते मधल्या छिद्रातून अडकवावे. जे टोक खाली झुकेल, ते जड. त्याच बाजूने थोडे थोडे घासत, पाते आडवे स्थिर राहीपर्यंत ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी. मग माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बोल्ट घट्ट आवळावा.

तडा गेलेले, वाकलेले किंवा झिजून पातळ झालेले पाते ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये, ते बदलावेच. इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये साकारलेल्या दंडगोलाच्या धर्तीवरील यंत्रांना मात्र ही पद्धत लागू पडत नाही. त्यांची धार जाणत्या कारागिराकडूनच करून घेणे इष्ट.

थोडक्यात, धार लावायला अर्धा तास लागत असेल, तर तोल पाहायला आणखी पाच मिनिटे द्यावीत. हिरवळही टवटवीत राहील आणि यंत्र चालवणाऱ्याचे पायही सुखरूप राहतील.