एका स्वल्पविरामाची गोष्ट

हिंगणा तालुक्यातील एका शाळेत आम्ही गेलो होतो, तेव्हा तेथील शिक्षक चिंतेत होते. शिष्यवृत्तीसाठी पाठवलेल्या यादीतील एका मुलीचे नाव 'माहिती चुकीची' असा शेरा मारून परत आले होते. यादी उघडून पाहिली. गावाच्या रकान्यात 'वानाडोंगरी', जन्मतारखेच्या रकान्यात 'ता. हिंगणा' आणि बँक खात्याच्या रकान्यात जन्मतारीख! संगणक बिघडला नव्हता. दोष एका स्वल्पविरामाचा होता.

असे का व्हावे? प्रत्येक प्रोग्रॅम माहिती आपापल्या पद्धतीने साठवतो. एकाची पद्धत दुसऱ्याला कळेलच असे नाही. म्हणून देवाणघेवाणीसाठी माहिती साध्या मजकुरात उतरवतात. तो कोणताही संगणक वाचू शकतो आणि माणूसही. मात्र कोणते चिन्ह कशासाठी, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरलेले हवे.

यातील सर्वांत सोपी पद्धत सीएसव्ही. एका मुलाची एक ओळ आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम:

सुनंदा,वानाडोंगरी, ता. हिंगणा,०५/०६/२०१२

आपल्याला येथे तीन गोष्टी दिसतात, संगणकाला चार. पत्त्यातला स्वल्पविराम आणि रकाना तोडणारा स्वल्पविराम यांतला फरक त्याने ओळखावा कसा? उपाय सोपा आहे: पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. ही पद्धत अनेक दशके वापरात होती, पण तिचे नियम इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात नोंदले गेले ते २००५ मध्ये. तोवर, आणि पुष्कळदा आजही, ज्याचा त्याचा नियम वेगळा.

दुसरी अडचण अर्थाची. वरील तारीख ५ जून की ६ मे? भारतात आपण ५ जून म्हणू, अमेरिकेत ६ मे म्हणतील. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम १९८८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरवला, तो यासाठीच. तसेच नागपूरचा दूरध्वनी संकेतांक ०७१२. त्याला संख्या समजून संगणकाने सुरुवातीचे शून्य गाळले, की उरतात ७१२. म्हणून जिची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ती 'संख्या' नसून मजकूर समजावी.

रकान्याचे नाव माहितीसोबतच पाठवले तर? १९९८ मध्ये प्रमाण ठरलेल्या एक्सएमएलमध्ये तसेच करतात:

<गाव>वानाडोंगरी, ता. हिंगणा</गाव>

आता गोंधळ नाही, पण प्रत्येक नाव दोनदा लिहावे लागते. अमेरिकन प्रोग्रॅमर डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेली जेसन पद्धत आटोपशीर आहे:

{"नाव": "सुनंदा", "गाव": "वानाडोंगरी, ता. हिंगणा"}

महिरपी कंसात एका मुलीची माहिती, विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे मजकूर. आज संकेतस्थळे आणि मोबाइलमधील प्रोग्रॅम एकमेकांशी बहुधा याच पद्धतीने बोलतात.

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक करार आहे, अक्षरांचा. एके काळी मराठीत प्रत्येक फाँटचे संकेत निराळे असत. फाँट बदलला की मजकूर वाचता येत नसे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे प्रमाण ठरवले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'हिंगणा' या शब्दाचे सहा घटक होतात: ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ण आणि काना. वेलांटी दिसते 'ह'च्या आधी, पण साठवली जाते नंतर, उच्चाराच्या क्रमाने. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक घटकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १८. जेसन मजकूर जाळ्यावर पाठवताना यूटीएफ-८ च वापरावे, असे २०१७ पासून प्रमाण आहे.

वर्गात करून पाहा. एका गटाने पाच मुलांची नावे, पत्ते व जन्मतारखा फक्त स्वल्पविराम देऊन कागदावर लिहाव्यात. दुसऱ्या गटाने काहीही न विचारता त्यांचा तक्ता करावा. जेथे तक्ता चुकेल, तेथे कोणता नियम ठरवायचा राहिला हे मुलांनीच शोधावे.

त्या शाळेत आम्ही पत्त्याला अवतरणचिन्हे घातली आणि शिक्षकांनी यादी पुन्हा पाठवली. या वेळी मुलीचे गाव, जन्मतारीख आणि खाते आपापल्या जागी राहिले.