बॅकअप कुठे ठेवाल? पुराच्या रेषेबाहेर!

गोदावरीच्या 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत नाशिकच्या सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरले. अशा दुकानात संगणक आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलावर असेल, तर हिशेबाच्या दोन्ही प्रती एकदमच जातात. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम पाळा : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. नदीकाठच्या दुकानदाराने ती सिडकोतल्या घरी ठेवली तरी चालेल, किंवा क्लाउडवर.

पण क्लाउडवर फाइली फक्त सिंक होणे म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडवणारे घातक सॉफ्टवेअर) तीही कुलूपबंद करू शकते. आणि अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून परत उघडून पाहा. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच.

डिस्कमधून टकटक आवाज आला, तर संगणक ताबडतोब बंद करा. आतले हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ते घासू लागले की प्रत्येक फेरीत माहिती खरवडली जाते. फिरती तबकडी नसलेली एसएसडी मात्र आवाज न करताच बंद पडू शकते. भिजलेली डिस्क सुरू करू नका, उघडू नका, उन्हात वाळवू नका. तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.